अळीव, गोणपाट आणि बालेकिल्ला

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा साधारण तीन इंचांचा असतो. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांत बसवला म्हणजे तो बावीसपट लहान झाला. त्याच मापानं रायगड करायचा ठरवला, तर समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंच असलेला तो डोंगर 37 मीटरांचा होईल. म्हणजे बारा मजली इमारत. उलट गड मीटरभर उंच ठेवायचा म्हटलं, तर मावळा दोन मिलिमीटरांचा, अळिवाच्या दाण्याएवढा करावा लागेल आणि पाण्याच्या पहिल्याच हबक्यात वाहून जाईल. त्यामुळे अंगणातल्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, वाघ बुरुजावर मावत नाही आणि महाराज सिंहासनासकट बालेकिल्ल्याचा अख्खा माथा व्यापून बसलेले असतात. दरवर्षी कुणी ना कुणी काका येता-जाता ही चूक दाखवून देतात. मुलांना त्याचं काही वाटत नाही, आणि मुलांचंच बरोबर आहे.

या किल्ल्याला प्रतिकृती समजून मापं काढत बसलं की त्यातली गंमत निसटते. मापात तो कधीच खरा नसतो. पण ओली माती कुठे उभी राहते आणि कुठे ढासळते, पाणी कुठून वाहतं, दरवाजा कुठल्या अंगाला ठेवायचा, हे प्रश्न खरे असतात. ते सोडवताना सात-आठ वर्षांची पोरं ज्या अडचणींना भिडतात, त्यांतल्या कितीतरी सतराव्या शतकात गड बांधणाऱ्यांपुढेही होत्या.

सहामाहीचा शेवटचा पेपर आणि वसुबारस यांच्यामध्ये जे थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात हे बांधकाम उरकायचं असतं. ऋतूही सोयीचा असतो. परतीचा पाऊस नुकता गेलेला, माती आतून ओलसर, उकरायला सोपी. जुन्या भिंतींवर शेवाळाचे थर अजून हिरवे, ते खरवडून आणता येतात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, मुंबईच्या चाळी, तिकडे बेळगाव, सगळीकडे या दिवसांत गल्लीत विटांचे तुकडे गोळा करणारी मुलं दिसतात. दिवाळीत हातानं काही घडवायची चाल एकट्या किल्ल्याची नाही. खेड्यांत दारापुढे शेणाच्या गवळणी करतात, काही भागांत शेणाचे पांडव मांडतात. गोव्यात मुलं आणि तरुण कागद-गवताचा नरकासुर उभा करतात आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळतात. आपली मुलं टिकवण्यासाठी बांधतात, गोव्यातली जाळण्यासाठी. मेहनत दोघांचीही तेवढीच.

किल्ल्याचं वेड साधारण तिसरी-चौथीत टिपेला पोचतं. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवछत्रपती भेटतात हे त्याचं एक कारण असावं. दुसरं कारण साधं आहे: विटा उचलण्याइतकं बळ आलेलं असतं आणि चिखलात बसायची लाज अजून आलेली नसते. पूर्वी बऱ्याच वाड्यांत मुलगे किल्ल्यावर आणि मुली रांगोळीवर अशी वाटणी असे. ती मोडली हे फार चांगलं झालं, कारण हात नेहमी किल्ल्यालाच कमी पडत.

आता माती. किल्ल्याचं निम्मं भवितव्य ती कुठली मिळते यावर ठरतं. देशावरची काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, हवा तसा आकार घेते आणि दोन दिवसांनी दगा देते. तिच्यातले चिकणमातीचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यांचे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, माती फुगते. पाणी उडून गेलं की ती आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. किल्ल्याच्या बुरुजाला ऐन धनत्रयोदशीला उभी चीर पडते तीही यामुळेच. अशा वेळी मुलं चीर दिसली की तिच्यावर ओली माती थापतात. ती वाळते, आक्रसते आणि शेजारी नवी चीर पाडते. यावरचा उपाय आपल्या आज्या-पणज्यांना भिंती सारवताना माहीत होता: मातीत शेण, बारीक चिरलेलं गवत किंवा भुसा कालवायचा, थोडी वाळू घालायची. वाळू आक्रसत नाही, त्यामुळे सगळा गोळाच कमी आक्रसतो. आणि गवताचे धागे चिरेच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. थर पातळ द्यायचे आणि दुपारच्या उन्हात किल्ल्यावर ओलं फडकं टाकायचं, एवढं केलं तरी बुरूज भाऊबीज पाहतो.

कोकणातल्या मुलांचं दुखणं वेगळं. तिथली तांबडी माती एवढ्या भेगा देत नाही, पण काळीसारखी चिकटही नसते; उभा कडा करायला गेलं की खाली येते. म्हणून तिकडचे किल्ले जरा पसरट, ऐसपैस असतात. मजा अशी की दोन्ही माती मुळात एकाच खडकाच्या. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोंढेच्या लोंढे बाहेर पडले आणि एकावर एक थर देत थिजले. त्या काळ्या पाषाणाचं कमी पावसाच्या प्रदेशात झिजून काळं रान झालं. कोकणातल्या धो धो पावसानं त्यातलं बरंच काही धुऊन नेलं आणि लोह मागे ठेवलं. त्याचा जांभा झाला, तांबडी माती झाली. रायगडाचा कडाही याच लाव्हाचा आहे. म्हणजे पुण्यातलं पोर पाटीभर काळी माती आणून त्यावर काव फासतं, तेव्हा ते खऱ्या गडाच्याच झिजलेल्या दगडाचा गड करत असतं. हे त्याला सांगायची घाई करू नये. पण कधीतरी गडावर नेलं की सांगावं.

नुसत्या मातीचा ढीग घालून किल्ला करणारे नवखे असतात. ढिगाऱ्याला स्वतःचा एक उतार असतो. कोरडी वाळू साधारण 34 अंशांच्या वर उभी राहतच नाही, कितीही ओता, ती घसरून त्याच उतारावर येते. ओली माती जास्त उभी राहते, पण वाळेपर्यंतच. सह्याद्रीचा तोरा उभ्या कड्यांत आहे, म्हणून आत सांगाडा लागतो: विटा, दगड, फुटक्या कुंड्या, पालथी बादली, रंगाचा रिकामा डबा. त्यावर गोणपाट. हे गोणपाट आधी मातीच्या पातळ काल्यात बुचकळून काढायचं, मग सांगाड्यावर सोडायचं. इथं एक अशी गोष्ट घडते जी कुठल्याही मोठ्या माणसाला ठरवून करता येणार नाही. ओल्या गोणपाटाला आपोआप चुण्या पडतात. वर आलेल्या चुणीची सोंड होते, खाली गेलेलीची घळ. दोन विटांच्या मध्ये गोणपाट ताणलं गेलं की खिंड तयार. पाणी घातल्यावर ते घळीतूनच उतरतं आणि पायथ्याशी जिथे साठतं तिथे तळं करायचं असतं, हे मुलांना नकाशा न बघता कळतं.

खऱ्या डोंगराचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार मात्र गोणपाटातून येत नाही, तो विटांतून आणावा लागतो. लाव्हाच्या थरांत काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजून उतार होतो, घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो. उतार, कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा आणि वर सपाट माथा. गड बांधणाऱ्यांना निम्मा तट निसर्गानं बांधूनच दिला होता. जिथे कडा तुटलेला आहे तिथे फक्त भिंत घालायची. मुलांनाही हे सांगून बघावं: सगळीकडे तट कशाला, जिथून चढता येईल तिथंच बांध. विटांची बचत होते, आणि शत्रूच्या बाजूनं उभं राहून विचार करायची सवय आयतीच लागते. धाकट्याला शत्रू करावं. तो बोटांनी चढत जिथून वर पोचेल तिथे तट हवा.

दरवाजाच्या बाबतीत मात्र मुलं आणि इतिहास यांचं जमत नाही. मुलांना दरवाजा समोर, मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा हवा असतो. रायगडाचा महादरवाजा याच्या अगदी उलट आहे: दोन बुरुजांच्या कवेत असा दडवलेला, की अगदी जवळ जाईपर्यंत तो कुठे आहे ते लक्षात येत नाही. वाट वळसा घेऊन येते, त्यामुळे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही, तोफेचा मारा सरळ बसत नाही आणि वळणावर अडकलेल्या माणसावर दोन्ही बाजूंनी मारा होतो. याला गोमुखी रचना म्हणतात. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवर वेगळं प्रकरणच आहे आणि त्यात दरवाजाबद्दलचा हा सावधपणा स्पष्ट दिसतो. एकच दरवाजा ठेवू नये, चोरदिंड्या असाव्यात, शेजारी गडाला वरचढ ठरणारा डोंगर असेल तर त्याचा बंदोबस्त करावा, पायथ्याची झाडी राखावी, अशा सूचना तिथे आहेत. वाचताना वाटतं, हा माणूस कागदावर नव्हे, गडावर उभा राहून लिहितो आहे.

माची हा आपल्याकडच्या गडांचा खास अवयव. माथ्याखालची सपाटी किंवा बाहेर धावलेली सोंड तटानं बांधून काढली की माची होते. राजगडाला अशा तीन आहेत: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, आणि मधे उभा बालेकिल्ला. संजीवनी माचीला दुहेरी तट आहे; बाहेरचा पडला तरी आतला झुंजतो. लोहगडाची विंचूकाटा नावाची सोंड पाहिली की ती बांधणाऱ्यांनी डोंगराच्या आकाराला कसं निमूट मान दिला ते कळतं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. एका यादीत डोंगरी किल्ले आणि भर समुद्रातले किल्ले शेजारी आले, ते मुलांच्या फार उपयोगी आहे. दरवर्षी काय डोंगरच करायचा? न्हाणीघराशेजारच्या ओल्या कोपऱ्यात, परातीत पाणी भरून मधे खांदेरी करता येतो आणि त्याला माती फार कमी लागते.

पाण्याकडे येऊ. गडावर सगळ्यात आधी पाणी बघायचं, हे आज्ञापत्रात ठासून सांगितलं आहे, आणि पुढचा मुद्दा त्याहून हुशारीचा आहे: झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात, म्हणून टाकी खोदून साठा करावा. ही टाकी कातळात खोदलेली असत आणि खोदताना निघालेला दगड तटाला वापरता येई. एका खर्चात दोन कामं.

मुलांचं तळं तिथंच फसतं. खड्डा करून पाणी ओतलं की पाच मिनिटांत ते जिरतं, आणि गोणपाटाच्या आतून जाऊन भलत्याच ठिकाणी कडा फुगवतं. मग कुणी ताटली पुरतं, कुणी आरसा ठेवून पाण्याचा आव आणतं, कुणी प्लॅस्टिकचा कागद अंथरतं. काळी चिकणमाती घट्ट तुडवून तळाला थापली तर पाणी बराच वेळ टिकतं, कारण फुगलेले कण वाटा बुजवतात. भेगा पाडणारा तिचा दुर्गुण इथे गुण ठरतो.

आणि कारंजं. सलाईनची बाटली व नळी मिळवणं हा एके काळी दिवाळीतला मानाचा पराक्रम होता. ओळखीचा कंपाउंडर असलेलं पोर आपोआप किल्लेदार होई. (वापरलेली नळी आणू नये, मत्स्यालयाच्या दुकानात तशीच कोरी नळी मिळते.) बाटली उंचावर टांगायची, नळी मातीखालून न्यायची, टोकाला रिकाम्या रिफिलचा तुकडा. पाणी उसळतं, पण बाटलीच्या उंचीपर्यंत कधीच पोचत नाही, कारण नळीच्या आत घासताना आणि हवेतून जाताना त्याचा जोर खर्च होतो. बाटली वर-खाली करून हे मुलांना स्वतः तपासता येतं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की कारंजं गुचक्या देतं आणि बंद पडतं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी बंदिस्त नळांतून पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत आणलं, तेव्हा तिथंही पंप नव्हता, होता तो केवळ उतार, आणि अडचणही हीच होती. म्हणून त्या नळाला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, अडकलेली हवा बाहेर पडायला. मुलं बुडबुडा घालवायला नळी चिमटीत धरून वर उचलतात. तत्त्व तेच.

किल्ल्याचा खरा जीव अळिवात आहे, असं माझं मत. बाकी सगळं मृत सामान. हे एकच रोज बदलतं. अळिवाचा दाणा ओला झाला की काही मिनिटांत त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण फुगतं. बियांच्या सालीतल्या पेशींत साठवलेला हा डिंकासारखा पदार्थ दोन कामं करतो: स्वतःभोवती पाणी धरून ठेवतो आणि दाणा चिकटवून टाकतो. म्हणून मोहरी जिथून घरंगळते त्या उभ्या उतारावर अळीव ठाण मांडून बसतो. आधी भिजवून मग पेरायला जाऊ नये, सगळे दाणे तळहाताला चिकटतात आणि मुलं ते भिंतीला पुसतात. ओल्या मातीवर कोरडे दाणे दाट भुरभुरावेत, हलकेच दाबावेत, वरून एक रात्र ओलं फडकं झाकावं. दोन दिवसांत पांढरे मोड दिसतात, पाच-सहा दिवसांत उतार हिरवा होतो. तेव्हा पेरणीचा दिवस वसुबारसेवरून उलटा मोजायचा. फार आधी पेरलं तर पाडव्यापर्यंत रोपं उंच, लुकडी होऊन लोळण घेतात. पाणी तांब्यानं ओतू नये, बोटांनी शिंपडावं. जास्त पाण्यानं रोपं बुडाशी कुजतात आणि हिरव्या डोंगराला टक्कल पडतं.

हे दिसतं गवतासारखं, पण गवत नव्हे. अळीव मोहरीच्या कुळातला. खरं गवत हवं तर गहू किंवा नाचणी पेरावी. गव्हाची पाती सरळ भाल्यासारखी वर येतात, पायथ्याच्या शेतात ती शोभतात. धने पेरू नयेत, ते उगवायला आठवडा-दोन आठवडे घेतात आणि तोवर मुलांचा धीर सुटतो. घरातल्या डब्यातला अळीव किल्ल्यासाठी मागितला की आजी हमखास कुरकुरते, कारण तिच्या लेखी तो बाळंतिणीच्या लाडवांचा आहे. मूठभर पुरतो, हे तिला आधीच सांगावं. इंग्लंडमध्ये लहान मुलं अंड्याच्या टरफलात कापूस घालून त्यात हिरवळ वाढवतात, तीही अळिवाचीच. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांना त्यामुळे बी शोधत फिरावं लागत नाही, माती मात्र थंडीमुळे घरात आणावी लागते.

गॅलरीतल्या किल्ल्यावर आणखी एक तमाशा फुकट बघायला मिळतो. सगळी रोपं रस्त्याच्या बाजूला, उजेडाकडे झुकतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी याच झुकण्यावर प्रयोग केले आणि 1880 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. गवताच्या कोवळ्या कोंबाच्या टोकावर त्यांनी उजेड न जाणारी टोपी घातली, तर कोंब झुकला नाही. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला, तर झुकला. उजेड टोकाला कळतो आणि वाकतो खालचा भाग, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो. तो निरोप नेणाऱ्या द्रव्याला पुढे ऑक्सिन नाव मिळालं. पायथ्याच्या गव्हाच्या चार-पाच कोंबांवर चॉकलेटच्या चांदीच्या टोप्या घालून हे घरी करता येतं. मावळ्यांच्या शेतात चांदीच्या टोप्या जरा विचित्र दिसतात, पण किल्ल्यावर तसंही काय विचित्र नसतं?

मातीच्या बाहुल्यांना पुण्याकडे मुलं ‘चित्रं’ म्हणतात. कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी ती मांडलेली असतात: महाराज, मावळे, तोफा, घोडेस्वार, आणि यांच्याच शेजारी गवळण, वासुदेव, जात्यावर दळणारी बाई, विहिरीवर पाणी भरणारी बाई, बैलजोडी, वाघ. नीटनेटक्या लोकांना ही गर्दी खटकते. मला वाटतं, दळणारी बाई किल्ल्यावर सर्वांत रास्त आहे. गडावर नुसत्या तोफा नव्हत्या. हवालदार, सबनीस, सरनोबत असा कारभार होता, शिबंदी होती, धान्याची कोठारं होती, खालच्या घेऱ्यात राखणदारांची वस्ती होती. एवढ्या माणसांचं पीठ कुणीतरी दळलंच असणार. मापात अचूक आणि माणसांवाचून ओसाड असलेल्या स्पर्धेतल्या प्रतिकृतीपेक्षा मुलांचा गजबजलेला किल्ला या एका बाबतीत इतिहासाला जास्त जवळ आहे. विमान आणि क्रिकेटच्या संघाबद्दल मात्र मला बाजू मांडता येत नाही. पण ती काढायला लावू नयेत.

हल्ली ही चित्रं बरीचशी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची येतात. हलकी, गुळगुळीत आणि नाकीडोळी सारखी. जिप्सम तापवून त्यातलं पाणी घालवलं की ही भुकटी होते. पाणी घातलं की ती पुन्हा जिप्सम होऊन कडक बसते आणि मग भिजवून मऊ होत नाही. कच्च्या मातीचा मावळा मोडला तर तुकडे भिजवून नवा करता येतो. एक-दोन मावळे मुलांनी स्वतः शाडूचे करावेत. त्यांना मान नसते, तलवार हातापेक्षा जाड असते, आणि किल्ला दाखवताना मूल सगळ्यात आधी तेच दाखवतं.

तयार किल्लाही बाजारात मिळतो, रंगवलेला, बुरूज-पायऱ्यांसकट. ज्या घरात वेळच नाही तिथे तो आणला म्हणून नाकं मुरडण्याचं कारण नाही. पण त्याला चिरा पडत नाहीत, तो ढासळत नाही, त्यातून पाणी जिरत नाही. म्हणजे मुलाला करायला काही उरत नाही, दोन तासांत ते कंटाळतं. मधला मार्ग आहे: गॅलरीत जुन्या पत्र्यावर किंवा प्लायच्या फळीवर एकच बुरूज आणि एकच सोंड करावी. पत्र्याखाली दोन विटा ठेवाव्यात, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू गळणाऱ्या पाण्याची तक्रार घेऊन वर येतात.

अगदी लहानांना, तीन-चार वर्षांच्यांना, काम हवं असतं, शोभेची जागा नको असते. माती कालवणं, अळीव भुरभुरणं, पाणी शिंपडणं ही त्यांची कामं. दगड वाहणं मोठ्यांचं. पावसाळ्यानंतर पडलेला दगड हातानं पालथा करू नये, आधी काठीनं हलवावा, खाली विंचू असू शकतो. आणि बाबांनी बुरूज ‘जरा नीट’ करायला बसू नये. दहा मिनिटांत मुलं खेळायला निघून जातात आणि बाबा एकटेच रात्री अकरापर्यंत तट लिंपत बसतात, हे सोसायट्यांच्या वाहनतळांत दरवर्षी दिसतं.

शेवट बहुधा सुतळी बॉम्बनं होतो. भाऊबीज झाली की चित्रं काढून घ्यायची आणि किल्ला उडवायचा, असा पोरांचा बेत असतो. खऱ्या गडांच्या नशिबीही ते आलं. 1818 मध्ये इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या आणि वाड्यांना आग लागली. पुढे अनेक गडांच्या पायऱ्या आणि वाटा त्यांनी सुरुंग लावून मुद्दाम तोडल्या, गडावर पुन्हा कुणी ठाण मांडू नये म्हणून. मुलांचा हेतू एवढा खोल नसतो. पण मातीत पुरलेला बॉम्ब खडे उडवतो आणि ते डोळ्यात जातात, तेव्हा हा बेत मोडून काढलेला बरा. त्याऐवजी बादलीभर पाणी माथ्यावरून सोडू द्यावं. कुठला तट आधी जातो यावर पैज लावता येते, आणि जातो तो नेहमी घळीच्या तोंडाशी बांधलेला.

उरलेल्या चिखलातून विटा आणि गोणपाट काढून घ्यावं, रंग लागलेला वरचा थर बाजूला करावा. शेण घातलेली माती कुंड्यांना चालते. पण चांगली चिकणमाती असेल तर ती सगळी कुंड्यांत घालू नये. पोत्यात भरून, थोडी ओलसर ठेवून जिन्याखाली टाकावी. मुरलेली माती ताज्या मातीपेक्षा जास्त लवचीक होते, हे कुंभारांना पक्कं ठाऊक असतं. फक्त पोत्यावर मोठ्या अक्षरांत ‘किल्ल्याची माती’ असं मुलांकडून लिहून घ्यावं, नाहीतर पुढच्या दसऱ्याच्या साफसफाईत पहिलं तेच पोतं बाहेर जातं.